देव नाकारणाऱ्यांचा रविवार: एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचे इहवादी आणि विज्ञान

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात ज्यांनी ईश्वराचे अस्तित्व उघडपणे नाकारले, त्यांतील बहुसंख्य माणसे विद्यापीठातील किंवा प्रयोगशाळेतील नव्हती. ती विणकर, जोडे शिवणारे, छापखान्यात खिळे जुळवणारे, किरकोळ पुस्तकविक्रेते अशी हातावर पोट असलेली माणसे होती, आणि तरीही आपल्या सभागृहांना नाव देण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी त्यांवर नास्तिकतेची पाटी न लावता ‘हॉल ऑफ सायन्स’, म्हणजे विज्ञानाचे सभागृह, अशी पाटी लावली. या नावाचा उगम रॉबर्ट ओवेन या कापड गिरणीच्या मालकाच्या समाजवादी चळवळीत आहे. मनुष्याचा स्वभाव त्याच्या परिस्थितीतून घडतो, म्हणून परिस्थिती बदलली की माणूस बदलतो, असे ओवेनचे सूत्र होते, आणि या सूत्रालाच त्याचे अनुयायी ‘समाजाचे विज्ञान’ म्हणत. त्यामुळे या इमारतींच्या पाटीवरील ‘विज्ञान’ या शब्दाचा अर्थ आरंभी पदार्थविज्ञान किंवा रसायन असा नव्हता. पाप, पतन आणि उद्धार यांच्या जागी कार्यकारणभाव मांडणारे ज्ञान, एवढाच तो होता. पुढे या शब्दात भूगर्भशास्त्र आले, शरीरशास्त्र आले, डार्विन आला. परंतु विज्ञान म्हणजे पाद्र्याच्या हाती नसलेले ज्ञान, हा मूळ अर्थ शतकभर टिकला.

ओवेनवाद्यांची अशी सभागृहे १८३९ ते १८४२ या काळात शेफील्ड, हडर्सफील्ड, लिव्हरपूल अशा औद्योगिक शहरांत उभी राहिली. मँचेस्टरच्या कॅम्पफील्ड भागातील सभागृह १८४० मध्ये उघडले. त्यात सुमारे ३००० माणसे मावत, आणि त्या शहरात नोकरीनिमित्त आलेल्या तरुण फ्रिडरिख एंगेल्सने रविवारी ते भरून वाहत असल्याची नोंद केली आहे. रविवार हाच कामगाराच्या सुटीचा एकमेव दिवस असल्यामुळे व्याख्याने रविवारीच ठेवावी लागत, आणि तेथेच कायदा आडवा येई. १७८० च्या एका कायद्यानुसार रविवारी पैसे घेऊन सार्वजनिक करमणूक किंवा वादविवाद भरवण्यास बंदी होती, आणि सभागृह चालवणाऱ्याला दर रविवारामागे २०० पौंड दंड होऊ शकत असे. या कायद्यातून सुटण्याची एक वाट होती: सभागृहाची नोंद अधिकृत चर्चपासून फुटून निघालेल्या प्रोटेस्टंटांचे उपासनास्थान म्हणून करायची आणि व्याख्यात्याने आपण ख्रिस्ती असल्याची शपथ घ्यायची. मँचेस्टरचे व्याख्याते रॉबर्ट ब्यूकॅनन यांनी ती घेतली. विज्ञानाचे सभागृह वाचवण्यासाठी त्यातील वक्त्याने कागदोपत्री धर्मोपदेशक व्हावे, हे चळवळीतील तरुणांना पचले नाही, आणि उघड नास्तिकांचा वेगळा गट येथूनच फुटून निघाला.

या गटाने नोव्हेंबर १८४१ मध्ये ब्रिस्टलहून ‘ऑरॅकल ऑफ रीझन’ हे एक पेनी किमतीचे साप्ताहिक सुरू केले. त्याचे पहिले संपादक चार्ल्स साउथवेल यांना ईश्वरनिंदेसाठी जानेवारी १८४२ मध्ये एक वर्षाची कैद आणि १०० पौंड दंड झाला. त्यांच्यामागून संपादक झालेले जॉर्ज जेकब होलिओक यांनी चेल्टनहॅमच्या एका सभेत, देश दारिद्र्यात असताना निवृत्त सैनिकी अधिकाऱ्यांप्रमाणे परमेश्वरालाही अर्ध्या पगारावर ठेवावे, असे म्हटले आणि सहा महिने ग्लॉस्टरच्या तुरुंगात काढले. ते आत असतानाच त्यांची लहान मुलगी वारली. या खटल्यांचा इतिहास बहुतेक ग्रंथांतून येतो. मात्र त्याच साप्ताहिकात अंकामागून अंक चाललेल्या एका लेखमालेची दखल फार थोड्यांनी घेतली. विल्यम चिल्टन हा ब्रिस्टलचा छापखान्यातील कामगार तीत असे मांडत होता की जीवसृष्टी निर्माण केली गेली नाही, ती साध्या रूपांपासून पायरीपायरीने चढत गेली. डार्विनचा ग्रंथ यायला अजून अठरा वर्षे होती. चिल्टनजवळ पुरावा स्वतःचा नव्हता, तो इतरांच्या पुस्तकांतून वेचलेला होता. पण सजीवांचे रूपांतर ही कल्पना बहुतेक सभ्य विद्वान उघडपणे स्वीकारत नव्हते तेव्हा ती एका पेनीला रस्त्यावर विकली जात होती, आणि ती विकणाऱ्यांना नैसर्गिक निवडीचे गणित नको होते, निर्माता नको होता. विज्ञानाविषयीच्या या उत्साहाचे बळ जसे येथे दिसते तसा त्याचा दोषही दिसतो. जो सिद्धांत पाद्र्याला अडचणीत आणतो तो खरा, अशी सवय लागली की पारख सैल होते. त्याच सभागृहांतून फ्रेनॉलॉजीवरही, म्हणजे कवटीच्या उंचवट्यांवरून माणसाचा स्वभाव वाचण्याच्या विद्येवरही, तितक्याच भक्तिभावाने व्याख्याने होत, आणि तरुण होलिओक त्या विद्येचे चाहते होते. मन हे मेंदूचे कार्य आहे, असे ती सांगत असल्यामुळे ती आपल्या बाजूची वाटली, एवढेच तिचे प्रमाणपत्र.

ओवेनची चळवळ १८४५ नंतर ओसरली. मँचेस्टरची इमारत विकली गेली, आणि सार्वजनिक ग्रंथालयांच्या नव्या कायद्याखाली १८५२ च्या सप्टेंबरात तेथे मोफत ग्रंथालय उघडले, त्या समारंभास डिकन्स आणि थॅकरे हजर होते. चळवळीचे अवशेष होलिओक यांनी वेचले. १८५१ मध्ये त्यांनी ‘सेक्युलरिझम’ हा शब्द रूढ केला, ज्याला मराठीत इहवाद म्हणतात. परलोकाविषयी वाद न घालता या जगातील जीवन या जगातील साधनांनी सुधारावे, आणि त्या साधनांत विज्ञान हे पहिले, असा त्याचा आशय होता. होलिओक यांचा मवाळपणा न मानवणाऱ्यांना चार्ल्स ब्रॅडलॉ हा पुढारी मिळाला. वकिलाच्या कचेरीतील हा कारकून, पूर्वीचा घोडदळातील शिपाई, १८६६ मध्ये राष्ट्रीय इहवादी संस्थेचा अध्यक्ष झाला, आणि काही वर्षांतच लंडनच्या ओल्ड स्ट्रीटवर संस्थेचे नवे ‘हॉल ऑफ सायन्स’ उभे राहिले.

या सभागृहात विज्ञान खऱ्या अर्थाने शिरले ते १८७९ मध्ये, जेव्हा तेथे संध्याकाळचे नियमित वर्ग सुरू झाले. त्यामागची व्यवस्था थोडी तपशिलाने पाहण्याजोगी आहे. ब्रिटिश सरकारच्या विज्ञान व कला खात्याची कचेरी लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात होती. हे खाते देशभरातील वर्गांसाठी दरवर्षी मे महिन्यात लेखी परीक्षा घेई आणि कामगारवर्गातील जो विद्यार्थी उत्तीर्ण होईल त्याच्यामागे शिक्षकाला ठरावीक रक्कम देई. निकालावर अनुदान, अशी ही पद्धत होती. वर्ग शाळेत भरतो की तालमीत, शिक्षक आस्तिक आहे की नास्तिक, याच्याशी खात्याला कर्तव्य नव्हते; स्थानिक समिती असावी, उत्तरपत्रिका बरोबर असाव्यात, एवढेच नियम. त्यामुळे ज्या व्यासपीठावरून रविवारी बायबलची चिरफाड होई, त्याच इमारतीत आठवड्यातील इतर संध्याकाळी सरकारी अनुदानावर रसायन, वनस्पतिशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र शिकवले जाऊ लागले. वर्गांचा सूत्रधार एडवर्ड एव्हलिंग हा तुलनात्मक शरीररचनेचा अध्यापक होता. पुढे तो मार्क्सच्या कन्येचा सहचर म्हणून, आणि पैशाच्या व्यवहारातील बेभरवशेपणासाठी, जास्त प्रसिद्ध झाला, परंतु उत्तम शिक्षक असल्याचे श्रेय त्याला शत्रूंनीही दिले आहे. त्याच्या हाताखाली ब्रॅडलॉ यांच्या दोन्ही मुली, ॲलिस आणि हायपेशिया, तयार झाल्या आणि स्वतः शिकवू लागल्या. धाकटीचे नाव अलेक्झांड्रियाच्या, ख्रिस्ती जमावाने ठार केलेल्या गणितज्ञ स्त्रीवरून ठेवलेले होते. या घरात विज्ञानाचा उत्साह पाळण्यापासून सुरू होई, असे म्हणायला हरकत नाही.

तिसरी शिक्षिका ॲनी बेझंट होत्या. एका पाद्र्याची घर सोडून आलेली ही पत्नी १८७४ मध्ये संस्थेत आली होती. लंडन विद्यापीठाने १८७८ मध्ये स्त्रियांसाठी पदव्या खुल्या केल्यावर त्यांनी तेथे नाव घातले, विज्ञानाची पहिली परीक्षा त्या उत्तीर्णही झाल्या, पण पदवी त्यांच्या हाती कधीच पडली नाही. १८८३ मध्ये त्यांना आणि ब्रॅडलॉ यांच्या एका मुलीला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने वनस्पतिशास्त्राच्या वर्गात घेण्याचे नाकारले. हे कॉलेज मुळात धर्माची अट न ठेवता शिक्षण देण्यासाठी स्थापन झाले होते आणि चर्चवादी मंडळी त्याला निधर्मी म्हणून हिणवत, हे लक्षात घेतले तर नकाराची धार कळते. पार्लमेंटमध्ये सर हेन्री टायलर यांनी ओल्ड स्ट्रीटच्या वर्गांना मिळणाऱ्या अनुदानावर आक्षेप घेतला. अनुदान मात्र चालू राहिले, कारण उत्तरपत्रिकेत नास्तिकता सापडत नव्हती. नाकाने हायड्रोजन सल्फाइडचा वास घेत, हातात फुलाचे परागकोश धरून, थकलेल्या कामगाराने मे महिन्यातील परीक्षेची तयारी करावी, हे या चळवळीचे सर्वांत कमी गाजलेले आणि बहुधा सर्वांत टिकाऊ काम होय.

आता प्रश्न असा की ज्यांच्या नावाने हा सारा उत्सव चालला होता त्या शास्त्रज्ञांना त्याचे काय वाटत होते. उत्तर फारसे सुखावह नाही. एव्हलिंगने डार्विनच्या सिद्धांतावर विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तक सिद्ध केले आणि ते अर्पण करण्याची परवानगी १८८० मध्ये स्वतः डार्विनकडे मागितली. डार्विनने १३ ऑक्टोबरच्या पत्राने ती नम्रपणे नाकारली: धर्मावर सरळ हल्ला केल्याने लोकांवर परिणाम होत नाही, विज्ञानाच्या प्रगतीने मने हळूहळू उजळत जातात, म्हणून आपण धर्मावर लिहिण्याचे टाळत आलो, आणि शिवाय आपल्या कुटुंबीयांना त्रास होईल, असा त्या पत्राचा भावार्थ होता. हेच पत्र पुढे कित्येक दशके मार्क्सला लिहिलेले समजले गेले, कारण ते एव्हलिंगच्या घरातील मार्क्सच्या कागदांत मिसळून गेले होते. नास्तिकांचा निरोप समाजवाद्यांच्या पत्त्यावर पोचल्याचे हे उदाहरण अभ्यासकांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडले. सप्टेंबर १८८१ मध्ये एव्हलिंग आणि जर्मन भौतिकवादी लुडविग ब्यूखनर हे दोघे डार्विनच्या घरी जेवायला गेले, तेव्हाही यजमानाने आपण नास्तिक नसून अज्ञेयवादी आहोत, आणि एवढे आक्रमक होण्याची गरज काय, असेच सुचवले. त्याआधी १८७७ मध्ये ब्रॅडलॉ आणि बेझंट यांनी आपल्या खटल्यात साक्ष द्यावी म्हणून डार्विनला विनंती केली होती, तीही प्रकृतीचे आणि मतभेदाचे कारण सांगून परत आली.

तो खटला चार्ल्स नोल्टन या अमेरिकी डॉक्टरच्या, गर्भधारणा टाळण्याचे उपाय सांगणाऱ्या जुन्या पुस्तिकेचा होता. ब्रिस्टलच्या एका विक्रेत्याला तिच्यासाठी शिक्षा झाल्यावर ब्रॅडलॉ आणि बेझंट यांनी सहा पेनी किमतीची नवी आवृत्ती काढली आणि ती स्वतःच्या हाताने विकून अटक ओढवून घेतली. शरीरक्रियाशास्त्र सामान्य माणसाला त्याच्या भाषेत आणि त्याला परवडेल अशा किमतीत मिळावे की नाही, हाच खरा वाद होता. महागड्या वैद्यकीय ग्रंथांत तेच ज्ञान बिनबोभाट विकले जात होते. दोघांना सहा महिने कैद आणि प्रत्येकी २०० पौंड दंड झाला, तो पुढच्या वर्षी आरोपपत्रातील तांत्रिक दोषामुळे रद्द झाला. आधी वर्षाकाठी काहीशे प्रती खपणारी पुस्तिका मात्र मधल्या काही महिन्यांत सव्वा लाखाच्या आसपास गेली. बेझंट यांना याची किंमत वेगळ्या प्रकारे मोजावी लागली: १८७८ मध्ये न्यायालयाने त्यांची मुलगी त्यांच्या ताब्यातून काढून घेतली.

डार्विनप्रमाणेच टॉमस हक्स्ले यांनीही अंतर राखले. ईश्वराविषयी जे सिद्ध करता येत नाही त्याबाबत ‘माहीत नाही’ असेच म्हणावे, या भूमिकेसाठी त्यांनी १८६९ मध्ये ‘ॲग्नॉस्टिक’ हा शब्द घडवला, ज्याचे मराठी रूप अज्ञेयवादी. तत्त्वदृष्ट्या हा शब्द अधिक काटेकोर आहे यात शंका नाही. परंतु त्याचा सामाजिक उपयोगही होता. अज्ञेयवादी माणूस राजमान्य संस्थांत बसू शके, नास्तिक नाही. एप्रिल १८८२ मध्ये डार्विनला वेस्टमिन्स्टर ॲबीत सन्मानाने दफन करण्यात आले, आणि पुढच्याच वर्षी ‘फ्रीथिंकर’ या पत्राचे संपादक जॉर्ज विल्यम फूट ईश्वरनिंदेसाठी बारा महिन्यांच्या कैदेत गेले. दोघांच्या श्रद्धांत अंतर किती होते हे मोजणे कठीण आहे, पण दोघांच्या वर्गांतील अंतर स्पष्ट आहे. इहवाद्यांनी मात्र या थंडपणाची तक्रार क्वचितच केली. ते हक्स्ले यांची व्याख्याने वाचत राहिले आणि डार्विनचे नाव घेत राहिले, जशी देवळाबाहेर उभी राहून नमस्कार करणारी माणसे आत कोण पुजारी आहे याची चौकशी करीत नाहीत.

या चळवळीतील काही ठळक नावे शेवटी वेगळ्याच दिशेला गेली, हा योगायोग समजून सोडून देण्यासारखा भाग नाही. खुद्द ओवेन उतारवयात, १८५३ च्या सुमारास, मृतात्म्यांशी संवाद साधणाऱ्या प्रेतात्मवादाकडे वळले. आल्फ्रेड रसेल वॉलेस हे नैसर्गिक निवडीचे सहसंशोधक १८३७ मध्ये, चौदा वर्षांचे असताना, लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या अशाच एका ओवेनवादी सभागृहात संध्याकाळी जाऊन बसत. १८६५ नंतर तेही त्याच मार्गाने गेले. बेझंट १८८९ मध्ये थिऑसफीत, म्हणजे सर्व धर्मांच्या मुळाशी एक गूढ ज्ञान आहे असे मानणाऱ्या पंथात, दाखल झाल्या, १८९३ मध्ये भारतात आल्या आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. ईश्वर परतला, तरी विज्ञानाची ओढ गेली नाही, हे विशेष. १९०८ मध्ये त्यांनी थिऑसफीतील सहकारी लेडबीटर यांच्यासह ‘ऑकल्ट केमिस्ट्री’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, ज्यात अतींद्रिय दृष्टीने पाहिलेल्या अणूंच्या आकृत्या आहेत. ओल्ड स्ट्रीटवर मूलद्रव्ये शिकवलेली शिक्षिका त्यात ओळखू येते: मूलद्रव्यांचे गट आहेत, तक्ते आहेत, वजने आहेत, फक्त प्रयोग नाही. पण प्रयोग तसा त्या सभागृहातही बेताचाच होता. तेथे विज्ञान प्रामुख्याने ऐकण्याची, वाचण्याची आणि परीक्षेत लिहिण्याची गोष्ट होती.

लेस्टर शहरातील इहवादी सभागृह मार्च १८८१ मध्ये उघडले, ते आजही उभे आहे. त्याच्या दर्शनी भागावर पाच अर्धपुतळे आहेत: सॉक्रेटिस, येशू, व्हॉल्टेअर, टॉमस पेन आणि ओवेन. येशूच्या समावेशावरून तेव्हा गावात गदारोळ झाला. पाचांत एकही शास्त्रज्ञ नाही, याकडे कोणाचे लक्ष गेल्याचे दिसत नाही.

ब्रॅडलॉ यांनी पार्लमेंटची जागा १८८० मध्ये जिंकली, पण सभासदाच्या धार्मिक शपथेच्या वादामुळे ती त्यांना प्रत्यक्षात १८८६ मध्ये मिळाली. हिंदुस्थानच्या प्रश्नांवर ते इतके बोलत की त्यांना ‘हिंदुस्थानचे सभासद’ म्हणत. डिसेंबर १८८९ मध्ये ते मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास आले, ज्याला त्या सालाइतकेच, १८८९, प्रतिनिधी हजर होते. जानेवारी १८९१ मध्ये ते वारले तेव्हा ब्रुकवुडच्या दफनभूमीत लंडनमधील हिंदी विद्यार्थ्यांची गर्दी होती आणि तीत मोहनदास गांधी होते. त्यानंतर सभागृहांचा काळ संपत गेला आणि स्वस्त पुस्तकांचा आला. प्रकाशक चार्ल्स ॲल्बर्ट वॉट्स यांच्या पुढाकाराने १८९९ मध्ये बुद्धिप्रामाण्यवादी ग्रंथप्रकाशन संस्था निघाली, आणि १९०२ पासून तिने हक्स्ले यांच्या व्याख्यानांपासून आरंभ करून सहा पेनीची विज्ञानपुस्तके काढली. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हेकेल यांचे ‘विश्वाचे कोडे’ हे पुस्तक माजी संन्यासी जोसेफ मॅकेब यांच्या भाषांतरात लाखाच्या घरात खपले. हेकेल यांनी त्यात एका सूत्रात सारे विश्व गुंडाळले होते, मानववंशांची उतरंडही लावली होती. वाचकांनी पहिले आवडीने घेतले आणि दुसऱ्याकडे काणाडोळा केला.

महाराष्ट्रात हा विचार पोचला तो मात्र कामगारांच्या सभागृहातून नव्हे. गोपाळ गणेश आगरकर यांनी मिल आणि स्पेन्सर हे कॉलेजात वाचले, आणि ‘सुधारका’तून १८८८ पासून जो विवेकवाद मांडला तो शिकलेल्या ब्राह्मण समाजाला उद्देशून. पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून चालत होती, पण तिच्या मंचावर ईश्वरनिषेध ही अट नव्हती. इंग्लंडातील धाग्याशी सरळ जोडलेली दोन नावे त्यानंतरची आहेत. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिले आले आणि सीनियर रँग्लर ठरले. त्यांचे हिंदुस्थानच्या प्रश्नावरील, धर्माला मूळ अडथळा मानणारे पुस्तक १९३१ मध्ये त्याच वॉट्स कंपनीने लंडनहून काढले, आणि १९४९ मध्ये मद्रासला भारतीय बुद्धिप्रामाण्यवादी संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. परांजपे ज्यांच्या आधाराने शिकले त्या धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले, ज्यावर अश्लीलतेचे खटले झाले. नोल्टनच्या पुस्तिकेपुढे जो प्रश्न होता तोच येथेही होता. हे दोघेही व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक होते. प्रयोगशाळा दोघांनाही लागली नाही, खडू आणि फळा पुरे होता.